ट्रॅकर घ्यावा, पण दाराचे कुलूप काढण्यासाठी

गेल्या चार-पाच वर्षांत आपल्या बाजारात एक नवा माल आला आहे. कधी काडेपेटीएवढी, तर कधी नाण्याएवढी डबी. पहिल्यांदा ती मोटारसायकल आणि टेम्पोसाठी आली, मग प्रवासाच्या बॅगेसाठी, मग मुलांच्या दप्तरासाठी. आता मोबाईलचे दुकानदार ती ‘बुजुर्गांसाठी’ म्हणूनही विकू लागले आहेत. घरातील वडीलधारे माणूस विसरू लागले, बाहेर पडले की परतीचा रस्ता त्याला सापडेना, की मुलगा ही डबी आणतो, अब्बांच्या खिशात टाकतो आणि कारखान्यावर निघून जातो. मी कापडाचा व्यापारी आहे, इलेक्ट्रॉनिक मालाचा नाही. परंतु माल विकत घेताना काय विचारावे एवढे तीस वर्षांच्या धंद्यात कळले आहे. शिवाय ही डबी शेवटी माणसाच्या अंगावरच्या कपड्यात राहायची असते, आणि कपड्याबद्दल बोलण्याचा मला थोडा हक्क आहे.

आधी आजाराबद्दल दोन शब्द. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हसण्यावारी नेण्याची किंवा ‘असर झाला’ म्हणून झाडफुंक करणाऱ्याकडे नेण्याची ही गोष्ट नाही. डॉक्टर याला डिमेन्शिया म्हणतात, मराठीत स्मृतिभ्रंश. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीच्या पुढील लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसे या आजाराने ग्रस्त आहेत. प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त आहे. अमेरिकेतील अल्झायमर्स असोसिएशनच्या म्हणण्याप्रमाणे अशा दहा रुग्णांपैकी सहा जण कधी ना कधी भटकतात. तेव्हा ज्याच्या घरी हा आजार आहे त्याने, ‘आमचे अब्बा कुठे जात नाहीत’, या भरवशावर राहू नये.

‘भटकतात’ हा शब्द मी नाइलाजाने वापरला. खरे तर ही माणसे कामाला निघालेली असतात. आमच्या भिवंडीच्या बाजारात एक जुने दलाल आहेत. उमर ऐंशीच्या आसपास. त्यांची सारी हयात ग्रे कापडाच्या दलालीत गेली. आज त्यांना सकाळी खाल्लेला नाश्ता आठवत नाही, परंतु मुंबईच्या मूलजी जेठा मार्केटमधील एका पेढीकडे पेमेंट बाकी आहे हे पक्के आठवते. ती पेढी बंद होऊन वीस वर्षे झाली. तरी दुपारची नमाज झाली की ते डायरी बगलेत मारून वसुलीला निघतात. भिवंडीहून एस.टी.ने ठाणे, तिथून लोकलने मस्जिद, मग पायी. हा रस्ता त्यांच्या पायांना पाठ आहे. जाण्याचा रस्ता पाठ आहे, येण्याचा नाही. दोनदा ते रात्री उशिरा सापडले, एकदा कल्याणला आणि एकदा भायखळ्याला.

दुसऱ्या खेपेनंतर घरच्यांनी जे केले तेच आपल्यापैकी बहुतेक जण करतात. बाहेरून कुलूप लावले. आयुष्यभर रोज दहा-दहा किलोमीटर चालणारा माणूस खोलीत बंद झाला. तो दारावर थापा मारू लागला, सुनेला शिव्या देऊ लागला, रात्रीची झोप गेली. चालणे बंद झाल्यावर पायही गेले. यात मी त्या मुलांना दोष देत नाही. डबल पाळीवर लूम चालवणाऱ्याने बापामागे दिवसभर कसे फिरावे? पण शेजारी बसणारे आम्ही सगळे व्यापारी हे पाहत होतो आणि ‘बरे केले, सुरक्षित आहेत’ असे म्हणत होतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की ट्रॅकर विकत घ्यायचा तर हे कुलूप काढण्यासाठी घ्यावा. ओळखीच्या गल्लीतून मशिदीपर्यंत, चहाच्या दुकानापर्यंत, जुन्या मित्राच्या ओट्यापर्यंत अब्बांना जाता यावे, आणि ते ठरावीक हद्द ओलांडून पुढे निघाले तर घरात कळावे, एवढ्यासाठी ही वस्तू आहे. कुलूपही राहणार आणि वर ट्रॅकरही लावणार, तर पैसे वाया गेले. आणि ट्रॅकर लावला म्हणून कोणी लक्ष ठेवणार नाही, तर ते कुलपापेक्षाही वाईट.

काही जणांना यात बेइज्जती वाटते. ही शंका आपल्याकडेच येते असे नाही. २०१३ साली इंग्लंडमधील ससेक्स पोलिसांनी अशा रुग्णांसाठी ट्रॅकर खरेदी केले, तेव्हा तेथील पेन्शनरांच्या संघटनेने कडक टीका केली होती, की ही म्हाताऱ्यांना गुन्हेगारांच्या रांगेत बसवण्याची रीत आहे. शंका गैर नाही. मात्र आपल्यापैकी जे हज करून आले आहेत त्यांनी आठवावे. हज कमिटीमार्फत जाणाऱ्या यात्रेकरूच्या मनगटात ओळखीचे कडे असते. लखपती असो की हमाल, सर्वांच्या हातात तेच. लाखोंच्या गर्दीत माणूस हरवू शकतो हे तिथे सर्वांना मान्य असते, म्हणून त्या कड्याची कोणाला शरम वाटत नाही. घरातल्या आजाऱ्याच्या बाबतीत मात्र ‘लोक काय म्हणतील’ आडवे येते.

इज्जतीचा खरा मुद्दा वेगळा आहे. तो म्हणजे विचारण्याचा. आजार सुरुवातीच्या टप्प्यात असतो तेव्हा माणसाला बरेच कळते. त्याच वेळी समोर बसून विचारावे, की अब्बा, कधी रस्ता चुकला तर आम्हाला कळावे म्हणून हे खिशात ठेवू का? बहुतेक बुजुर्ग हो म्हणतात. कोणी रागावतो, तर महिन्याने पुन्हा विचारावे. चोरून लावलेली वस्तू हाताला लागली की ती फेकली जाते आणि मुलावरचा विश्वासही जातो. (दुकानाचे सह्यांचे अधिकार, बँकेची खाती, घराची कागदपत्रे याबाबतही याच टप्प्यात बोलून घेणे शहाणपणाचे असते. व्यापारी घरांत याची फार हेळसांड होते. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

कोणता माल घ्यावा

बाजारात मुख्यतः दोन जाती आहेत आणि दुकानदार त्यांतील फरक नीट सांगत नाहीत.

पहिली जात जी.पी.एस. आणि सिमकार्डवाली. ही डबी उपग्रहावरून आपली जागा ओळखते आणि सिमकार्डाच्या मार्फत आपल्या मोबाईलवर कळवते. ठरवलेली हद्द ओलांडली की इशारा देते. काहींत बटण दाबून बोलताही येते. माणसासाठी खरा उपयोगी माल हाच. पण खर्च एकदाचा नाही. सिमचे रिचार्ज चालू ठेवावे लागते आणि डबी चार्ज करावी लागते, मालाप्रमाणे रोज किंवा दर दोन-चार दिवसांनी. स्वस्त डब्या बऱ्याचदा जुन्या टू-जी तंत्रावर चालतात. जिओचे टू-जी जाळे नाही, त्यामुळे त्या डबीत जिओचे सिम चालत नाही. पुष्कळ लोक घरी नेल्यावर हे शिकतात. दुसरे असे की उपग्रहाचा सिग्नल आकाश उघडे असेल तिथे चांगला मिळतो. आपल्या मोहल्ल्यांत पत्र्याच्या छपराचे कारखाने आणि हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील अशा गल्ल्या आहेत. तिथे ही डबी माणसाला दोन गल्ल्या पलीकडे दाखवते. म्हणून दुकानदाराला सांगावे, दोन दिवस वापरून पाहीन, मग पैसे. ताका उघडून पाहिल्याशिवाय आपण सौदा करत नाही, इथे का करावा?

दुसरी जात ब्लूटूथची. ॲपलने एअरटॅग २०२१ साली आणला, सॅमसंग, जिओ आणि इतरांचेही टॅग मिळतात. नाण्याएवढ्या सेलवर वर्षभर चालतात, रिचार्ज नाही, म्हणून आकर्षक वाटतात. परंतु एअरटॅगसारख्या टॅगमध्ये जी.पी.एस. नसते. आसपासने जाणाऱ्यांचे मोबाईल त्याची खूण टिपतात आणि त्यावरून जागा कळते. एअरटॅगला त्यासाठी ॲपलचे फोन लागतात. मुंबईच्या स्टेशनवर ते भरपूर असतील, पण नदीकाठच्या झाडीत किंवा हायवेच्या कडेला रात्री कोणाचा फोन असणार? खुद्द ॲपलने म्हटले आहे की हा टॅग वस्तूंसाठी आहे, माणसांवर लक्ष ठेवण्यासाठी नाही. कोणी कोणाचा चोरून पाठलाग करू नये म्हणून त्यात बंदोबस्तही केलेला आहे. मालकाच्या फोनपासून बराच वेळ दूर राहिलेला टॅग हलवला की वाजू लागतो. त्या म्हाताऱ्या माणसाचा विचार करा. अनोळखी जागी रात्र झाली आहे, जीव घाबरला आहे आणि खिशात काहीतरी पीं-पीं करते आहे. तो ती वस्तू पहिल्या गटारात फेकून देईल. ज्याची ऐपत एवढीच आहे त्याने टॅग जरूर घ्यावा, अजिबात काही नसण्यापेक्षा बरा. पण तो काय करू शकत नाही हे जाणून घ्यावा.

आणखी एक गोष्ट. २०१९ साली अवास्ट या सुरक्षा कंपनीच्या तपासणीत आढळले, की चीनमधील शेन्झेन येथे बनलेले, मुले आणि बुजुर्गांसाठी विकले जाणारे सुमारे सहा लाख ट्रॅकर एकाच पासवर्डवर चालू होते. तो पासवर्ड होता १२३४५६. म्हणजे घरच्यांना अब्बा कुठे आहेत ते कळणार, आणि चोरालाही कळणार. डबी हाती आल्या दिवशी पासवर्ड बदलावा. सिम घरातल्याच कोणाच्या नावावर घ्यावे, दुकानदाराने दिलेले घेऊ नये.

डबी राहणार कुठे?

आता माझ्या धंद्याकडे येतो. ट्रॅकर बिघडतो त्यापेक्षा जास्त वेळा तो माणसाजवळ नसतो. मनगटी घड्याळासारखा ट्रॅकर बरा, पण वुजूच्या वेळी घड्याळ काढण्याची सवय जन्माची असते, ते नळावरच राहते. सदरीच्या खिशात ठेवला तर मे महिन्यात सदरी खुंटीवर. चपलेच्या तळव्यात बसवण्याचा सल्ला परदेशी लोक देतात. त्यांना आपल्या मशिदीच्या दाराशी जुम्म्याला लागणारा चपलांचा ढीग माहीत नाही. अब्बा दुसऱ्याच्या चपला घालून ठाण्याला जातील आणि मोबाईल सांगेल, अब्बा मशिदीत आहेत.

अंगाला सर्वांत जवळचा आणि रोजचा कपडा पाहावा. पुरुषांसाठी सुती बंडी, जिला आतून चोरखिसा असतो. जुने व्यापारी वसुलीची रक्कम त्यातच ठेवत, तेव्हा बुजुर्गांच्या हाताला तो खिसा परका वाटत नाही. खिसा डाव्या बाजूला काखेच्या खाली शिवावा, झोपताना टोचणार नाही. तोंडाला बटण न लावता वर दुमड घ्यावी. बटण दिसले की बोटे ते उघडत बसतात. जाड कापड नको, डबी गरम होते आणि घाम धरतो. स्त्रियांचा प्रश्न अवघड आहे. बुरख्याच्या खिशात ठेवावे तर आजारात अम्मी बुरखा न घालताच बाहेर पडतात. त्यांच्यासाठी कमरेचा बटवा, जो त्या लहानपणापासून वापरत आल्या, त्याच्यापेक्षा चांगली जागा मला सुचत नाही. आणि एक नव्हे, तीन बंड्या शिवाव्यात. एक अंगावर, एक धुण्यात, एक घडीत. रोज सकाळी कपडे बदलताना डबी चार्जिंगवरून काढून नव्या बंडीत घालायची, असा ठराविक क्रम असला तरच ही गोष्ट चालते.

ज्यांना ट्रॅकर परवडत नाही, आणि ज्यांना परवडतो त्यांनीसुद्धा, एक काम आजच करावे. प्रत्येक सदऱ्याच्या गळपट्टीखाली आतून सुती फीत शिवून तिच्यावर दोन फोन नंबर भरतकामाने काढून घ्यावेत. शाई चार धुण्यांत उडते, धागा कापडाइतका टिकतो. वर ‘कृपया घरी फोन करावा’ एवढेच मराठीत आणि उर्दूत, नंबर इंग्रजी अंकांत. पत्ता आणि आजाराचे नाव लिहू नये. भल्या माणसाला नंबर पुरतो, लबाडाला जास्त माहिती देऊ नये. क्यू.आर. कोडचे लॉकेटही मिळते. २०२३ साली मुंबईत वरळीहून हरवलेला एक मतिमंद मुलगा कुलाब्यात सापडला, पोलिसांनी त्याच्या गळ्यातील कोड मोबाईलने वाचला आणि त्याच दिवशी तो आईबापांना मिळाला. जपानमधील इरुमा शहराने २०१६ साली अशा रुग्णांच्या नखांवर चिकटवायचे छोटे कोड वाटले. कल्पना उत्तम आहेत. पण सापडवणारा हातगाडीवाला असेल तर कोड वाचण्यापेक्षा साधा नंबर त्याला सोपा.

आपल्या गावात भरतकामाची यंत्रे आहेत, लेबल विणणारे आहेत, टेलर तर गल्लोगल्ली आहेत. एका घराला डझनभर फिती लागतील. त्याला धागा किती आणि वेळ किती? ही मजुरी माफ करणे कोणालाही जड नाही. ज्या टेलरने आपल्या दुकानावर ‘विसरभोळ्या बुजुर्गांच्या कपड्यांवर नंबर मोफत’ अशी पाटी लावली, त्याच्याकडे ईदचे कपडे कोण शिवणार नाही? मी धंद्याचीच भाषा बोलतो आहे.

इशारा कोणाच्या फोनवर?

हा प्रश्न कोणी विचारत नाही. ॲप मुलाच्या मोबाईलमध्ये असते, कारण मोबाईल घेतला त्याने. मुलगा लूमच्या खडखडाटात उभा असतो. तिथे शेजारच्या माणसाची हाक ऐकू येत नाही, तर खिशातल्या मोबाईलची घंटी कशी येणार? किंवा तो माल बघायला सुरतला गेलेला असतो. अब्बांबरोबर दिवसभर असते सून किंवा मुलगी. जेवण ती भरवते, कपडे ती बदलते, पण तिच्या साध्या फोनवर इशारा येत नाही. काही घरांत तर ‘बायकांना कशाला स्मार्ट मोबाईल’ हे अजून चालते. तर मग ट्रॅकर कशाला घेतला? इशारा सर्वांत आधी तिच्याकडे गेला पाहिजे. मुलाचा नंबर दुसरा, गल्लीतल्या एखाद्या दिवसभर बसणाऱ्या दुकानदाराचा तिसरा.

आणि घरात माणसे असली म्हणजे झाले, असेही नाही. जपानमधला एक खटला या बाबतीत ऐकण्यासारखा आहे. डिसेंबर २००७ मध्ये आइची प्रांतातील ओबू गावात ९१ वर्षांचे स्मृतिभ्रंशाचे रुग्ण घराबाहेर पडले आणि रेल्वेखाली मरण पावले. त्यांची ८५ वर्षांची पत्नी काही मिनिटे डुलकी लागून बसली होती, सून दुसऱ्या कामात होती. घराला लागूनच धंद्याचे कार्यालय होते. त्याच्या दारावर, माणूस बाहेर गेला की वाजावी, अशी घंटी बसवलेली होती. पण ती बंद ठेवलेली होती. गाड्यांना उशीर झाला म्हणून रेल्वे कंपनीने कुटुंबावर सुमारे ७२ लाख येनचा दावा लावला. २०१३ साली खालच्या न्यायालयाने तो मान्य केला, २०१४ साली वरच्या न्यायालयाने पत्नीला निम्म्या रकमेला जबाबदार धरले, आणि शेवटी १ मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाला मुक्त केले. एका म्हातारीच्या डुलकीवर वर्षानुवर्षे खटला चालला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मला न्यायाचा वाटतो, कारण माणूस चोवीस तास जागा राहू शकत नाही. पण ती बंद घंटी माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्या किती घरांत ट्रॅकर असाच कपाटात, चार्जिंग संपलेला पडून असेल!

शेवटी, माणूस हरवलाच तर काय करावे. इंग्लंडमध्ये यासाठी एक चांगली पद्धत आहे. जॉर्ज हर्बर्ट नावाचे दुसऱ्या महायुद्धातील एक सैनिक म्हातारपणी या आजारात आपले बालपणीचे घर शोधायला निघाले आणि त्यातच गेले. त्यांच्या नावाने ‘हर्बर्ट प्रोटोकॉल’ म्हणून एक फॉर्म तेथील पोलिसांनी सुरू केला. तो आधीच भरून ठेवायचा: ताजा फोटो, जुने पत्ते, जुन्या नोकरीची ठिकाणे, रोजचे रस्ते, कोणत्या नावाने हाक मारली तर माणूस ओ देतो. आपल्याला फॉर्मची वाट पाहायला नको, वहीचे एक पान पुरे. त्यावर जुन्या पेढ्या, जुने कारखाने, मूळ गाव, ज्या मोहल्ल्यात बालपण गेले तो मोहल्ला लिहून ठेवावा. शोधायला माणसे पाठवताना पहिल्या गाड्या तिकडेच जाव्यात.

पोलिसांकडे जायला चोवीस तास थांबावे लागते असा समज आहे. असा कोणताही कायदा नाही. ११२ वर ताबडतोब फोन करावा, मग ठाण्यात जाऊन हरवल्याची नोंद करावी आणि नोंदीचा क्रमांक घेऊन यावा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात स्मरणशक्तीचा गंभीर बिघाडही धरला आहे. त्यातील कलम १०० प्रमाणे, अशा आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस भटकताना आढळला तर त्याला संरक्षणात घेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. त्याला चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यावे लागते आणि कोठडीत ठेवता येत नाही. म्हणून शोध घेताना फक्त पोलीस ठाणी नव्हे, तर त्या बाजूच्या सरकारी दवाखान्यांतही विचारणा करावी. सल्ल्यासाठी ज्येष्ठ नागरिकांची १४५६७ ही मोफत सरकारी फोनलाईन आहे. तो नंबर आणि वहीचे ते पान सुनेकडे असू द्यावे, दुकानाच्या तिजोरीत नव्हे.